दोन्हीकडे चालणारी डिस्क

गुरुजी, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही असताना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही कासारसाईपासून मारुंजीपर्यंत म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून शेतांची नावं त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करत होता. भुताचा माळ, सवतीचं खाचर, कावळ्याची पट्टी. प्रश्न तुमचा, उत्तर त्यांचं. शेतं विकली जात होती, वर सोसायट्या उठत होत्या. ती काळी हार्ड डिस्क माझ्या हातात देताना तुम्ही म्हणालात, "तू कंप्युटरवाला हायेस. तुज्याकडं बी चालंल आन माज्याकडं बी, आसं कर." तुमचा कॉम्प्युटर विंडोजचा, माझा मॅक. माझ्याकडे डिस्क उघडायची, आवाज ऐकू यायचे, नवीन काही टाकताना मात्र घोडं अडायचं. फॉरमॅट केली की ती दोन्हीकडे चालेल हे मला ठाऊक होतं. आतलं सगळं पुसलं जाईल हेही ठाऊक होतं. पण मूळ रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणारच, असं मी शहाणा धरून चाललो. एक फोन करायला काय झालं होतं? डिस्क कोरी केली, वर चालते का बघायला सिनेमे भरले.

दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलोय. काकू भाकरी वाढतायत आणि तुम्ही खुशीत सांगताय, "कंप्युटर भरला व्हता. समदं डिस्कवर हालवलं आन हितलं पुसून टाकलं. एक वस्तू, एक जागा." वर्गात पट्टी आपटून हेच सांगायचात. "हाय न्हवं रं समदं?" तुम्ही विचारलंत. "व्हय गुरुजी," मी म्हणालो. पुण्यात पुसलेलं परत काढून देणाऱ्या दोन ठिकाणी डिस्क दाखवली, दोघांनी हात टेकले. दोन महिन्यांत तुम्ही गेलात. ते म्हातारेही एकेक करून गेले, आता विचारायचं कुणाला?

डिस्क आता काकूंकडे असते. त्यांना नावांशी देणंघेणं नाही. त्यांना तुमचा आवाज ऐकायचाय. "ह्या लॅपटॉपवर उघडत नाही, काकू," मी म्हणतो. "मंग ज्येच्यावर उघडंल त्यो आन की," त्या म्हणतात. आतापर्यंत तीन वेगवेगळे लॅपटॉप नेले. डिस्क जोडतो, मान हलवतो. त्या ती पुन्हा फडक्यात बांधून ठेवतात. इतकी लाज वाटते गुरुजी, की पुढच्या वेळी जाऊच नये असं वाटतं, तरी जातो.

इथपर्यंत लिहून हे काल काकूंना वाचून दाखवायला नेलं होतं. त्यांनी चहा टाकला, फडकं सोडलं, डिस्क पुढ्यात ठेवली. कागद खिशातच ठेवून मी लॅपटॉप उघडला.