डबीत किती गोळ्या होत्या

मम्मी,

तुम्ही चर्चला आणि तुमचा फोन इथे चार्जिंगला, म्हणून लिहून ठेवतेय. शेनने तुमच्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या खाल्ल्या. मी भात लावायला किचनमध्ये गेलेले, तेवढ्यात. त्याला घेऊन रिक्षाने हॉस्पिटलला निघालेय. बॉस्को कामावरून थेट तिथे येतोय.

स्ट्रिप फोडताना बोटं दुखतात म्हणून तुम्ही सगळ्या गोळ्या काढून घरातल्या अल्तारावर, येशूच्या फोटोपुढे, चॉकलेटच्या रिकाम्या डबीत ठेवल्यात. रोज रोझरीची प्रार्थना झाली की तुम्ही त्यातली एक घेता आणि शेनला फ्रिजमधलं चॉकलेट देता. आज त्याने एकट्यानेच रोझरी केली. विचारलं तर म्हणाला, आमेन म्हटलं, मग खाल्ल्या.

एक उलटी झाली, आता खेळतोय. पण डॉक्टर फोनवर म्हणाले, लोहाच्या गोळ्या आहेत, बरा दिसतो म्हणून घरी थांबू नका. किती पोटात गेल्या तो आकडा त्यांना हवाय. आणलेल्या गोळ्यांतून तुम्ही घेतलेल्या आणि डबीत उरलेल्या वजा केल्या की तो निघेल. उरलेल्या मी डबीसकट सोबत घेतल्यात.

तुम्ही खरंच रोज घेत होतात का? पोट साफ होत नाही म्हणून मध्ये सोडल्या असतील, तर तेवढ्या जास्त शेनच्या पोटात आहेत. तुम्ही आम्हाला रोज घेते म्हणालात, तेच मी डॉक्टरांना सांगितलंय.

हे वाचलं की आधी फोन करा, चप्पल नंतर काढा. खरं काय ते सांगा. आज मी काही बोलणार नाही.

स्वीडल