विळा कशाला बाळगला

आई, तुझा विळा सध्या पोलीस ठाण्यात आहे. पांढऱ्या कापडात गुंडाळून, वर लाखेचं सील मारून त्यांनी तो ठेवलाय आणि कागदावर त्याला 'लोखंडी धारदार हत्यार' म्हटलंय. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग त्या लिहिणाऱ्याला, 'बाबा, तुझ्या घरात कधी म्हैस होती का?' असं तोंडावर विचारलं असतंस. मला हसू येत नाही. तारखांना जाऊन जाऊन मी कंटाळून गेलेय. कोर्टाच्या बाकावर बसायचं, नाव पुकारायची वाट बघायची, पुढची तारीख घेऊन परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सुट्टी का घेतली म्हणून बोलणी खायची. उद्या परत तारीख आहे, म्हणून आज तुला लिहायला बसले. हे तुला पोचणार नाही, ते काय मला कळत नाही असं नाही.

तो विळा तुझ्या कमरेला असायचा. कळंब्याच्या तळ्याकाठी गवत कापायचं, भारा बांधायचा आणि डोक्यावर घेऊन भर शहरातून वैरण विकायला जायचं. मी मागून येते आहे, तुझ्या पदराच्या खोच्यातून विळ्याची मूठ बाहेर आलेली दिसते आहे. चौकातला पोलीस तुला मावशी म्हणायचा आणि आज भारा लहान दिसतोय म्हणून चेष्टा करायचा. विळा कशाला बाळगलास, असं तुला जन्मात कुणी विचारलं नाही. भारा डोक्यावर होता ना, त्यातच सगळं आलं. मला मात्र तू विळ्याला हात लावू दिला नाहीस. शाळेत जा म्हणालीस. एकदा मी हौसेनं दोन पेंढ्या कापल्या तर पाठीत धपाटा घातलास. तो धपाटा माझ्या पोरीच्या वेळेपर्यंत पुरला, आमच्या उचगावच्या घरात जनावर म्हणून कधी बांधलं नाही. तू गेल्यावर विळा तेवढा मी माझ्याकडे आणला आणि माळ्यावर ठेवला.

तू गेलीस तेव्हा पाळण्यात होती ती तुझी नात आता शहरातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. दुपारी स्कूटरवरून जाते, रात्री परत येते. गेल्या वर्षी एक माणूस हायवे सोडल्यापासून मोटरसायकलवरून तिच्या मागं मागं यायला लागला. एकदा त्यानं गाडी आडवी घातली. तक्रार दिली तर, नंबर घेतलाय का, तोंड बघितलंय का, असे प्रश्न आले, आणि शेवटी, दुसऱ्या रस्त्यानं येत जा, असा सल्ला. मग तिनं मिरचीचा फवारा मागवला. चालतो का बघायला अंगणात उडवला आणि वारं फिरलं. मी, ती, शेजारची सासू-सून, सगळ्या तासभर खोकत होतो. तो तिनं टाकून दिला आणि मला न सांगता माळ्यावरून तुझा विळा काढून डिकीत ठेवला.

तेव्हा सणाचे दिवस होते, त्यामुळं बंदी आदेश निघाला होता. तो आता सारखाच निघतो. सण असो, निवडणूक असो, मोर्चा असो. काठ्या, सुरे, तलवारी आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायचं नाही. म्हाताऱ्यांच्या आधाराच्या काठीला तेवढी सूट. पोरगी ड्युटीला जाताना नाक्यावर अडवली, डिकी उघडायला लावली. पोलीस तिच्याच वयाचा होता, आणि वाईट नव्हता गं. विळा बघून त्यानं स्वतःच तिला वाट करून दिली. म्हणाला, "ताई, वैरणीला न्हेताय न्हवं?" हो म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच काम होतं. ही म्हणाली, "न्हाय. कोण आडवं आलं तर हातात असावा म्हणून." साहेब शेजारीच उभे होते. त्या पोराचा नाइलाज झाला, तिच्यावर गुन्हा नोंदवावा लागला.

आता सरकारी दवाखान्याच्या भरतीत तिची निवड झालीय, आणि पोलिसांच्या चारित्र्याच्या दाखल्याशिवाय हजर करून घेत नाहीत. वकील म्हणाले, विळा हे शेतीचं अवजार, एरवी त्याला कुणी शस्त्र म्हणत नाही. पण वस्तू कोणती यापेक्षा ती कशाला जवळ ठेवली हे बघतात, आणि ते तर पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलंय. फवारा असता तर परवाना नको की काही नको, कुणी विचारलंही नसतं. गुन्हा कबूल करून दंड भरला तर आजच सुटका होईल, पण डाग राहील. लढायचं तर विळा वैरणीचा होता असं म्हणायला हवं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, घरात म्हैस आहे का. ते सहज बोलले, आणि मी खुळ्यासारखी तेच धरून बसले. पुढच्याच आठवड्यात कोडोलीला दादाकडे गेले आणि त्याची एक म्हैस टेम्पोत घालून आणली. वकिलांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, म्हैस त्या दिवशी पाहिजे होती," म्हणाले, "आता आणून काय करू?"

पण आणलेली म्हैस दारात उभी आहे आणि तिला वैरण लागतेच. नवा विळा घेतला. पहाटे उठून बांधावर जाते, कापते, वाकलं की कंबर धरते. तू जे माझ्या हातून सोडवलंस ते या वयात माझ्याच हातात आलं, आणि मला तुझी फार आठवण येते, आणि रागही येतो, कुणाचा ते कळत नाही. काल रात्री जेवताना मी पोरीला समजावलं की वैरणीचा होता म्हण, तुझं काय जातंय. ती म्हणाली, "खोटं बोलून दाखला घेऊ व्हय? मला भ्या वाटलं म्हणून घेतलता. भ्या वाटणं गुन्हा हाय का, तेवढंच इचारतो मी त्यांस्नी." उद्या ती काय बोलेल ते मला माहीत आहे.

कळंब्याच्या रस्त्यावरची ती दुपार तुला आठवत असेल. वैरण विकून आपण दोघी मोकळ्या हातांनी परत येतोय. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागं एक माणूस, आपण थांबलो की थांबणारा. तू कडेला गेलीस, कमरेचा विळा काढलास आणि खाली बसून कापायला लागलीस. खर्र, खर्र, सावकाश. मी विचारलं, आता कशाला गं. "गवत कापतोय," म्हणालीस, "म्हशीला हुतंय." वर बघितलं नाहीस. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला आणि आल्या वाटेनं परत गेला. मग तू उठलीस, विळा खोचलास, माझा हात धरलास.

आज दुपारी पोरगी निघायच्या आधी मी तिच्या डिकीत नवा विळा ठेवला आणि वर ओल्या वैरणीच्या दोन पेंढ्या. तिनं डिकी उघडली. ड्युटीला वैरण कशाला, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, म्हशीची आहे, विचारलं कुणी तर आईची वैरण आहे म्हणून सांग. तिनं माझ्याकडे बघितलं. पेंढी उचलून खाली काय आहे ते बघितलं नाही. डिकी लावली आणि गेली.

आई, त्या दुपारी तू बसलीस तिथं गवत नव्हतं. नुसती खडी होती. मला तेव्हाच दिसलं होतं.