उलटा शनिवार

फ्रँकफर्ट,
शनिवार, ११ ऑक्टोबर २००८

प्रिय ईप्सिता,

तीन आठवडे माझा फोन नाही, मेल नाही, आपल्या इंटरनेटवरच्या मराठी कट्ट्यावर एक ओळ नाही. रागावली असशील, रागावच. पण हे पाकीट कचऱ्यात टाकायच्या आधी वरचा वार बघ. मग वाटलं तर टाक.

मी इथे पुस्तकांच्या जत्रेचे स्टॉल उभे करतोय. बुधवारी जत्रा उघडेल. गेल्या महिन्यात हॅनोव्हरला ट्रकवाल्यांचे स्टॉल लावले, आता प्रकाशकांचे. ट्रक सोपे गं, एक आणून उभा केला की अर्धा स्टॉल भरतो. हे लोक फळी दोन सेंटिमीटर वर घ्या म्हणतात, मग परत खाली घ्या म्हणतात. आयुष्यात सबंध वाचलेली पुस्तकं मी एका हाताच्या बोटांवर मोजेन, आणि काल एक प्रकाशकीणबाई मला विचारत होती की कादंबऱ्या डावीकडे शोभतील की उजवीकडे. मी छातीठोकपणे डावीकडे म्हणालो. ती म्हणाली, गेनाऊ! हा शब्द ऐकला की हल्ली मला धस्स होतं. का, ते तुला माहीत आहे. पण त्यावर मी नंतर येतो. विषय सोडून पळतोय, तेही तुला माहीत आहे.

तर विषय. एकोणीस सप्टेंबर, तुझं स्वयंपाकघर. तू नवलकोलाची भाजी चिरत होतीस, फ्रिजवर अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या विद्यापीठाचं पत्र लावलेलं होतं. तिथल्या जमिनीखालच्या पाण्यावर दोन वर्षांचं काम, जानेवारीत हजर व्हायचं. तू सुरी न थांबवता विचारलंस, "येशील का?" आणि मी म्हणालो की नऊ नंबरची ट्राम आजकाल फार उशिरा येते. तू म्हणालीस, "आणि ते तुझं पोस्ट मला सांगू नकोस, हं." मग आपण भाजी खाल्ली. मीठ जास्त झालं होतं, मी बोललो नाही. 

ते पोस्ट. मला आठवतंय तसं सांगतो, चुकलं तर तू दुरुस्त करशीलच. मी कट्ट्यावर आलो २००५ मध्ये. मिरजेहून पंपांच्या कंपनीचा स्टॉल लावायला म्हणून जर्मनीत आलो, आणि स्टॉल लावणाऱ्या इथल्या मालकानं माझे हात बघून ठेवून घेतलं. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेला मी, आणि कट्ट्यावर सगळे इंजिनिअर नाहीतर डॉक्टरेटवाले. भांडायचे मात्र अमेरिकेवरून. राहतात जर्मनीत, जेवतात मराठी, आणि रक्त आटवतात वॉशिंग्टनच्या नावानं! मला फार आवडलं ते. तिथे पदवी विचारत नव्हते, फक्त आवाज विचारत होते, आणि आवाज माझ्याकडे होता.

उलट्या शनिवारची गोष्ट मी आल्यावर शोभनाकाकूंकडूनच ऐकली. २००३ साली इराकच्या युद्धावरून गेर्लिंगेनचा सिद्धेश आणि हॅनोव्हरचा गुरुदत्त असे भांडले की गणपतीत सिद्धेशनं कबूल केलेले स्पीकर आणलेच नाहीत. वाल्डॉर्फला काकूंच्या आणि कट्टा चालवणाऱ्या उल्हासकाकांच्या घरी गणपती, आरती बिनमाइकची, आणि हे दोघे दोन कोपऱ्यांत तोंड फिरवून. तेव्हा काकू मोदकांचं ताट घेऊन मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी त्याचं म्हणणं काय आहे ते तू सांग, आणि तुझं त्यानं. दोघांनाही पटलं तरच मोदक." पाऊण तास लागला म्हणे. मोदक गार झाले, पण स्पीकर दुसऱ्या दिवशी आले. त्यावरूनच काकांनी नियम केला. आठवडाभर हवं तसं भांडा, पण शनिवारी समोरच्याची बाजू मांडायची, 'मी' म्हणून, त्याच्या जागी बसून. समोरच्यानं 'गेनाऊ' असं लिहिलं, म्हणजे हो, हेच माझं म्हणणं, तरच रविवारी आपली बाजू पुन्हा मांडायला मिळणार.

तू आलीस २००६ मध्ये. मी अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगावर तीन पानं लिहिली होती, नुसती आग. खाली तुझी एक ओळ आली, "ओजसराव, यातला कुठला कायदा आपण वाचलाय?" राव! मी दिवसभर धुमसत होतो. तुझं म्हणणं असं की कोर्टातून हळूहळूच होईल, तुम्ही लांबून बहिष्कार घालून काय होणार. माझं म्हणणं, लाज वाटायला हवी, बस. मग शनिवार आला आणि तू माझी बाजू मांडलीस. बारा ओळी. कोणालाही आरोप न सांगता वर्षानुवर्षं कोंडून ठेवता येतं, हे एकदा चालवून घेतलं की ते सगळ्यांनाच चालायला लागतं, म्हणून मला लांबून का होईना, ओरडायचं आहे. असं काहीतरी. ईप्सिता, मी नेमकं काय म्हणत होतो ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी 'गेनाऊ' लिहिलं.

आणि मग मी मूर्खपणा केला. इतकं छान कोणी आपलं म्हणणं मांडल्यावर काहीतरी मोठं करावंसं वाटलं. रविवारी मी जाहीर केलं की ग्वांतानामो बंद होईपर्यंत मी अमेरिकेत पाऊल ठेवणार नाही. मला बोलावलं कोणी होतं तिकडे? सिद्धेशनं ते पोस्ट कट्ट्याच्या डोक्यावर कायमचं चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'अमेरिकेला कळवलं आहे. ते खचले आहेत.' दोन वर्षं ते तिथेच आहे. दर वेळी कट्टा उघडला की आधी माझी प्रतिज्ञा, मग जग.

या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि मी कामावरूनच तुला फोन केला, बंद झालं, बंद झालं! तू तो सगळा निकाल वाचून काढलास आणि मला समजावलंस की अरे, बंद नाही झालं, कैद्यांना कोर्टाचं दार ठोठावता येईल इतकंच झालं. तुझा आवाज इतका हळू होता की जणू माझ्या घरचंच काही सांगतेयस. जुलैत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार बर्लिनला आला, त्या सभेला आपण गेलो. इंटरनेटवर शोधलेल्या एका कुत्रेवाल्याच्या गाडीत, पेट्रोलचे पैसे वाटून घेऊन, कुत्रा तुझ्या मांडीवर. उमेदवार आपल्याला दिसलाच नाही, मोठ्या पडद्यावर अधूनमधून त्याचा एक कान दिसला. तू म्हणालीस, "कानावरून तरी ऐकून घेणारा वाटतो." परतताना तू झोपलीस आणि मी हॅनोव्हरपर्यंत हललो नाही. खांदा दोन दिवस दुखत होता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता खरं. नेब्रास्काचं पत्र बघितल्यावर माझ्या डोक्यात ग्वांतानामो नव्हतंच आलं. माझ्या डोक्यात आली सिद्धेशची बहीण, ऊर्मिला. आठवतं, तिच्यावर मी कट्ट्यावर लिहिलं होतं? एवढी आर्किटेक्ट, नवऱ्याच्या व्हिसावर न्यू जर्सीला गेली, कायद्यानं नोकरी करता येत नाही, म्हणून घरातल्या डब्यांवर सुंदर अक्षरात 'जिरे', 'मोहरी' लिहीत बसते. काय कायदा आहे, म्हणून मी केवढा तापलो होतो. आता लग्न करून तुझ्याबरोबर आलो तर तसाच व्हिसा माझ्या वाट्याला येणार. तू विद्यापीठात, आणि मी मक्याच्या शेतांच्या मधोमध डब्यांवर नावं घालत. माझं अक्षरही बरं नाही.

हे सगळं तुला सांगायचं तर माझ्या बाजूनं मला जमत नाहीये. तीन आठवडे प्रयत्न केला. पण आज शनिवार आहे. म्हणून आज मी ईप्सिता. ऐक.

'ओजस, मी जाणार आहे. लहानपणी उन्हाळ्यात आमच्या गावातल्या विहिरी मी एकेक करून आटताना बघितल्यात, त्यांचं उत्तर शोधण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत, आणि पुढचा तुकडा नेब्रास्कात आहे. मी तुझी परवानगी मागितलेली नाही. मी विचारलं, येशील का? तुला तिथे नोकरी करता येणार नाही हे मला माहीत आहे, तो कायदा वाईट आहे हेही. पण तू घाबरतोस ते कायद्याला नाही. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना असतो, त्याला तू घाबरतोस. माझे सहकारी विचारतील, हजबंड काय करतात, आणि मी क्षणभर थांबेन, असं तुला वाटतं. मी थांबणार नाही. तू ज्या गावात जातोस तिथे रिकाम्या हॉलमध्ये आठवड्यात शहर उभं करतोस, हे मी लोकांना न विचारताच सांगत असते. आणि तुझी प्रतिज्ञा मला खरंच आवडली होती. पण लाज वाटायला हवी ना? मग जिथे ती वाटायला हवी तिथे येऊन ओरड. लांबून फार झालं. आणि भाजीत मीठ जास्त झालं तर सांगत जा.'

झालं. माझ्याकडून एवढं जमलं. आता हे पत्र मी का लिहिलं ते. पाकिटात आणखी एक कागद आहे, त्याची घडी जपून उघड. वीस सप्टेंबरला, म्हणजे तू विचारलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी आईला फोन केला. मला वाटलं ती रडेल, पण तिनं फक्त विचारलं, ती विहिरीवाली का? आणि आठवड्यात वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून कुरिअरनं पाठवलं, की आमच्या माहितीप्रमाणे ओजस अविवाहित आहे. ते घेऊन मी हॅम्बुर्गला आपल्या वकिलातीत गेलो. तिथल्या फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होताच. मी लिहिलं, 'डिप्लोमा, दुसरं वर्ष, अपूर्ण'. खिडकीतल्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही, शिक्का मारला. मी लेडिग, म्हणजे अविवाहित, असल्याचा हा भारत सरकारचा दाखला. हॅनोव्हरच्या श्टांडेसआम्टमध्ये, लग्नं नोंदवतात त्या कचेरीत, विचारून आलोय, लग्नाला तो लागतोच, आणि सहा महिनेच चालतो. जानेवारीच्या आत आपल्याला पुरतो. सिद्धेशला अजून काही बोललो नाही. ते पोस्ट काढायचं की नाही ते मी तुझ्यावर सोपवतो. माझ्या मते राहू दे वर, खाली फक्त एक ओळ घालू, की पाऊल ठेवतोय, पण ओरडणं चालू राहील. तुझी बाजू मी नीट मांडली असेन तर कट्ट्यावर नको, मला एसेमेस कर, एकच शब्द. चुकली असेल तर तू येऊन दुरुस्त कर, मी हॉल चारमध्ये कादंबऱ्यांच्या डावीकडे सापडेन. रविवारी आपली बाजू मांडायचा माझा हक्क असतो, पण या रविवारी माझ्याकडे वेगळं काही म्हणणं उरलेलं नाही.

तुझाच,
सध्या लेडिग,
ओजस