पाण्याच्या टाकीवरची गुढी

जयपूर, चैत्र शुद्ध तृतीया

ती. अनुसयाताईस,

प्रभाकरचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली असल्याने तूर्त कागदावरूनच.) मिरजेत ऊन किती, दाजींचा खोकला थांबला का, आणि डॉक्टरांनी बंद केलेलं लोणचं तू अजून चोरून खातेस का, ते कळव. आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे विभाचा गुडघा सोडून.

पाठ का धरली ते सांगतो, रागावू नकोस. आमचा कौशिक आखातात इंजिनियर आहे, तिथे जगातली सर्वात उंच इमारत कोणाची यावरून देशादेशांत चढाओढ लागलीय. एकाने आठशे मीटर ओलांडले की दुसरा हजाराचा पाया खणतो. फोनवर त्याने मला नियमही सांगितले: शिखर इमारतीचाच भाग असेल तर उंचीत धरतात, झेंड्याची काठी धरत नाहीत. हे ज्ञान मला नडलं. कारण शेजारच्या माथुरजींनी (पोस्टातून निवृत्त, माणूस सज्जन, पण बांधकामाची खोड) गच्चीवर खोली बांधली, म्हणून मी पाण्याच्या टाकीखाली उंच लोखंडी स्टँड घातला, तर त्यांनी खोलीवर कळस बसवला. मग माझ्या हातात उरला तो पाडवा.

पंधरा फुटी बांबू आणला आणि गुढी थेट टाकीवर उभारली. गल्लीत सर्वात उंच. माथुरजी (नियम त्यांना मीच ऐकवले होते) त्यांच्या गच्चीवरून म्हणाले, "प्रभाकरजी, यह तो डंडा है, गिनती में नहीं आएगा." वर तांब्या उपडा घातलाय म्हणजे हे शिखरच, असं मी त्यांना पटवत होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडे विभा दिसली.

दिवाळीपासून ती जिना चढलेली नाही, हे मला माहीत होतं, ताई. चौतीस वर्षं, विमा कंपनीने पाठवलं त्या त्या गावी, गुढीला हळदकुंकू तिनेच वाहिलंय, आणि मी ती नेऊन ठेवली तिचा हात पोचणार नाही अशा जागी. डोक्यावर पदर घेऊन ती उन्हात मान वर करून बघत होती, हातात पूजेचं तबक, साखरेची गाठी त्यात तशीच. मी खाली गेलो तर "छान दिसतेय हो," एवढंच म्हणाली. मला फार लाज वाटली.

मग भर दुपारी गुढी उतरवली. पाठ लचकली ती तेव्हाच. माथुरजी आपणहून आले, बांबूचं एक टोक त्यांनी धरलं आणि आम्ही दोघांनी ती ओट्यावर, ग्रिलला बांधून, पुन्हा उभारली. विभाने खुर्चीत बसून पूजा केली आणि कडुलिंबाचा पाला पहिला माथुरजींना दिला. (तो चावत त्यांनी "बहुत बढ़िया" म्हटलं. मी म्हटलं ना, सज्जन.) सूर्यास्ताआधी गुढी हलवली तर दोष लागतो का, हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू? उलट टपाली कळव.

दाजींना नमस्कार.

तुझा,
प्रभाकर

ता. क. दोषाचं राहू दे. विभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या बारा तारखेला ठरलंय. कौशिकला तेव्हा रजा नाही. ती फार घाबरलीय, तू महिनाभर ये.

ता. क. २. वरचं खोटं आहे. ती मुळीच घाबरलेली नाही, तिने बॅगसुद्धा भरून ठेवलीय. ती आत असताना बाहेरच्या बाकावर मला एकट्याला बसणं जमणार नाही. माझ्याहून मोठं कोणीतरी शेजारी हवं. अकरा तारखेलाच ये.