चालू गाडीतला बिघाड

आई,

आपली पांढरी गाडी मागच्या महिन्यात इंदिरानगरात बंद पडली, आणि तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गाडी अजून आहे, अप्पाही आहेत. दुकान आता मी बघते. तीच अस्तरं, तीच बटणं, त्याच झिपा. गाडी मीच चालवते, पण अप्पा चालवायचे तेवढीच: बनशंकरीच्या घरापासून दुकानापर्यंत वीस मिनिटं आणि संध्याकाळी परत. त्या दिवशी एका बुटिकवालीला अस्तराचे नमुने दाखवायचे होते म्हणून पहिल्यांदाच एवढ्या लांब नेली, तीही भर दुपारी. तास-सव्वा तास रेंगाळत गेले आणि सिग्नलला उभी असताना इंजिन गेलं. चावी फिरवली तर स्टार्टर जोरात फिरतोय, पण गाडी पेटत नाही. मागून हॉर्नचा गदारोळ. एक ऑटोवाला उतरून आला, "अक्का, न्यूट्रलला टाका," म्हणाला, आणि त्यानं आणि पोलिसानं मिळून गाडी कडेला लावून दिली. मी आत घाम पुसत बसून राहिले. पाऊण तासानं उगाच चावी फिरवली, तर पहिल्या झटक्यात चालू!

घरी येऊन अप्पांना सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, काठी टेकत बाहेर आले, सीटवर बसले, चावी फिरवली. गाडी चालू झाली. "काही झालेलं नाही हिला," ते म्हणाले. "स्वल्प घाबरलीस, एवढंच." मी म्हटलं, "अप्पा, खरंच बंद पडली होती. आचके दिले नाहीत, दिवा मालवावा तशी गेली." आणि बोलता बोलता थांबले. ते वाक्य माझं नव्हतंच. ते तुझं होतं, पस्तीस वर्षांपूर्वीचं, ह्याच फाटकापाशी उभं राहून तू बोललेलं.

एप्रिलमधली दुपार. मी तेरा वर्षांची. काका, अप्पांचे थोरले भाऊ, ज्यांनी त्यांना वाढवलं, हुबळीहून येणार होते आणि येलहंका स्टेशनला उतरणार होते. अप्पांना दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून तू निघालीस. गाडी शिकून तुला वर्ष झालं होतं. पदर खोचून, पाठीमागे उशी घेऊन बसायचीस, आणि अप्पांपेक्षा चांगली चालवायचीस हे शेजारच्या अक्काही बोलून दाखवायच्या. काकांनी दोन तास बाकावर वाट पाहिली, शेवटी ऑटो केली. ते उन्हानं लाल होऊन घरी पोचले आणि तू त्यांच्यानंतर तासाभरानं आलीस. तोवर अप्पा दुकानातून येऊन फाटकात उभे होते. तू सांगितलंस, घाईनं नाही, एकेक करून: "गाडी बंद पडली. गरमीचा काटा मधेच होता. आचके दिले नाहीत, दिवा मालवावा तशी गेली. स्टार्टर फिरत होता. पाऊण तासानं आपोआप चालू झाली. पुढे जाऊन परत बंद पडली, परत तसंच." अप्पांनी तुझ्या हातातून चावी घेतली आणि गाडी एका दमात चालू केली. "आपोआप बंद, आपोआप चालू. गाडी आहे का मांजर?" म्हणाले. आत बसलेले काका हसले. मग अप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "बहिणीकडे गेली होतीस, तसं सांग की."

मावशी येलहंक्याला राहायची. तिनं सगळ्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि आपल्या घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं होतं. तू एवढंच म्हणालीस, "मी खोटं बोलत नाही." आत गेलीस, काकांना सरबत दिलंस. अप्पांनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून गाडी बघून घेतली, त्यानं फेरी मारून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. चावी फ्रिजजवळच्या खिळ्यावर परत टांगली गेली. तू त्या खिळ्यावरून फडकं फिरवायचीस, चावी सरळ करायचीस, पण ती पुन्हा कधी उचलली नाहीस. सोळा वर्षं बसनं फिरलीस.

मागच्या महिन्यात हे सगळं आठवून मला राग वगैरे आला नव्हता, आई. मला जाणून घ्यायचं होतं. दुकानात बाया येतात, झिप अडकते म्हणून तक्रार करतात; मी ओढून बघते, सुळकन सरकते. "तुम्ही नीट ओढत नसाल," असं मी किती जणींना सांगितलं असेल! मग एखादी ब्लाउज अंगावर घालून दाखवते, आणि अंगावर ती खरंच अडकते. तसं काहीतरी ह्या गाडीचं असणार. काय, ते मला कळायला हवं होतं.

देवळामागच्या गल्लीत एक म्हातारा इलेक्ट्रिशियन आहे, जुन्या गाड्यांचा. त्यानं एक फेरी मारली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "चालू गाडीत मी काय शोधू? बंद पडलेली असताना आणा." मी म्हटलं, "अण्णा, बंद पडली तर आणू कशी?" तो हसला. मग मी त्याला तुझी वाक्यं सांगितली, तू सांगितलीस त्याच क्रमानं. तो हात पुसायचा थांबला.

"हे कुणी बघितलं?"

"आईनं."

"त्या गाड्यांचं काम करायच्या?"

"नाही. पण नीट बघायची."

"सरी, ठीक," तो म्हणाला. "पेट्रोल कमी पडलं तर गाडी खोकते, आचके देते. अशी एकदम जाते ती करंट गेल्यावर." त्यानं बॉनेट उघडून एक हाताएवढा काळा डबा दाखवला. ही कॉइल, बॅटरीचा करंट वाढवून प्लगला ठिणगी देते. आत केसासारख्या तारेचे वेढे असतात. तार कुठे तुटत आली असेल तर गरम झाल्यावर सुटते, गार झाल्यावर परत चिकटते. गाडी वीस मिनिटं चालवून बंद करणाऱ्याला ते जन्मात कळणार नाही. "पण हा माझा अंदाज. तुम्ही बघून या," असं म्हणून त्यानं मला काय बघायचं ते शिकवलं, प्लग काढायचा पाना दिला, आणि रबरी मुठीची पक्कडही.

रविवारी दुपारी मी निघाले, तुझ्याच रस्त्यानं, येलहंक्याकडे. छत्री, पाण्याच्या बाटल्या, जुन्या धोतराचा तुकडा. गाडी बंद पडावी म्हणून मनात जप करत गाडी चालवणारी मी शहरातली एकटीच असेन. एक तास झाला, काही नाही. हेब्बाळच्या अलीकडे गर्दीत रांगताना गेली! मी इतकी खूश झाले की शेजारचा स्कूटरवाला बघत राहिला. गाडी उताराउतारानं कडेला आणली. तिथे एक बाई शहाळ्यांचा ढीग लावून एळनीर विकत होती. तिला म्हटलं, "अक्का, मी सांगितल्यावर ही चावी फिरवाल?" तिनं कोयता ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि सीटवर अशी बसली की जणू गाडी तिचीच.

आधी पेट्रोल. झाकण काढून कार्ब्युरेटरचा खटका ओढला, आत पिचकारी उडाली. म्हणजे पेट्रोल आहे. मग एक प्लग काढून वायरीला लावला, त्याचं लोखंड इंजिनला टेकवून पक्कडीनं धरला आणि वर छत्री, कारण उन्हात ठिणगी दिसत नाही. "फिरवा!" स्टार्टर फिरला. प्लगवर ठिणगी नाही. पुन्हा फिरवा. काही नाही. कॉइलला बोट लावलं तर चटका बसला. धोतराचा तुकडा भिजवून तिच्यावर गुंडाळला, वर पाणी घालत राहिले. दहा मिनिटांनी म्हटलं, "आता फिरवा," आणि छत्रीच्या सावलीत निळी ठिणगी टकटक उडायला लागली. मी ओरडलेच. एळनीरवाली घाबरून उतरली, "काय झालं? काय झालं?" तिला काय सांगणार! मी म्हटलं, "माझी आई खरं बोलत होती." तिनं एक एळनीर फोडून माझ्या हातात दिलं. "आधी बसा," म्हणाली.

घरी आल्यावर मी अप्पांना काही बोलले नाही. दुसऱ्या सकाळी त्यांना अंगणात खुर्ची दिली, गाडी चालू केली, आणि केस वाळवायचं यंत्र लांब वायरीवर आणून गरम हवा कॉइलवर धरली. "हे काय खेळ?" ते म्हणाले. मी म्हटलं, "बघा." पाऊण पेपर वाचून झाला त्यांचा. मग इंजिन गेलं, दिवा मालवावा तसं. मी चावी त्यांच्या हातात दिली. "करा चालू." त्यांनी एकदा फिरवली, दोनदा, चार वेळा. स्टार्टर फिरत राहिला. मी ओला कपडा घातला, दोघं थांबलो, आणि मग त्यांनीच फिरवली, चालू झाली. त्यांनी ती लगेच बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते. म्हणाले, "उन्हात एकटी उभी होती तर ती." एवढंच. नंतर दोन दिवस नीट जेवले नाहीत. नवी कॉइल बसवून घेतली आहे. जुनी देऊन टाकू का म्हणून इलेक्ट्रिशियन अण्णानं विचारलं, तर अप्पांनी फोनवर नको म्हणून सांगितलं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. त्या दिवशी फाटकात अप्पांनी मलाही विचारलं होतं, "तू असताना कधी बंद पडली होती का ग?" त्याच्या तीन आठवडे आधी तू मला मावशीकडे घेऊन गेली होतीस, अप्पांना न सांगता. मावशीनं मला हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि निघताना तू त्या उतरवून माझ्या दप्तरात ठेवल्या होत्यास. परतताना गाडी बंद पडली. आपण दोघी झाडाखाली अर्धा तास उभ्या होतो. म्हणजे साक्षीदार होता, आई. मी होते. अप्पांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. सांग म्हणत होतीस, का सांगू नको म्हणत होतीस, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी "नाही" म्हणाले.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी तुझं गुपित राखलं. खरं तर मी अप्पांना भ्यायले होते. आणि अजूनही भिते बहुतेक, कारण कॉइल मी त्यांना दाखवली, पण माझं ते "नाही" खोटं होतं, हे मात्र सांगितलेलं नाही. हे कागद घरात ठेवणार नाही. त्यांच्या हाती लागतील. दुकानात, बटणांच्या खोक्यांखाली ठेवते आहे.