पुट्टीवरचा अंगठा

ता. १७ फेब्रुवारी, रविवार
जेवणं आटोपल्यावर

जावईबापूंना थोरल्या मेहुणीचा नमस्कार. आईचे आशीर्वादही घ्या. ती शेजारीच बसली आहे आणि सगळ्यात आधी तेच लिही म्हणून मागे लागली आहे.

तुमचं पत्र मिळालं. फोन उचलायचा नाही, कुणी आलं तर दार उघडायचं नाही, आणि पत्र मात्र चार पानी, वर समासात चित्रं! चित्रकलेचे मास्तर ते शेवटी मास्तरच. तुम्ही पुन्हा शाळेत जायला लागलात हे ऐकून आईला फार बरं वाटलं. मलाही वाटलं, पण तसं तोंडावर म्हणणार नाही, तुम्ही लगेच शेफारता.

आमचं ठीक चाललंय. म्हणजे आहे तसं आहे. लॅबमध्ये कामाचा ढीग पडलाय. लोकांना हल्ली कवळीसुद्धा उद्याच्या उद्या हवी असते. परवा एका आजोबांनी कवळी परत पाठवली. म्हणे, ही घालून हसलो की मी माझ्या भावासारखा दिसतो, आणि भावाशी माझं बोलणं नाही. आता यावर काय करायचं? पुढचे दात जरा घासून दिले, खूश झाले.

आईची नजर आणखी कमी झाली आहे. उजेड-सावली कळते, माणूस चालीवरून ओळखते. तरी सकाळी उठली की खुर्ची ओढून, बारकीने मागे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसमोर बसते आणि बारकीशी बोलत राहते. "बारके, आज ताईने दूध उतू घालवलं बरं का. लक्ष कुठे असतं हिचं देव जाणे." सुरुवातीला मी चिडायचे. आता कामावरून येताना जिन्यातच कान देते. पंपाची घरघर आणि आईची बडबड, यातलं एक जरी ऐकू आलं नाही तरी उरलेल्या पायऱ्या धावत चढते.

असो. मुद्द्यावर येते.

तुम्ही लिहिलंत की बारकीच्या कोरलचा, त्या जिवंत पोवळ्याचा, तुमच्याकडचा तुकडा कडेने पांढरा पडत चाललाय. पाणी बदललंत, दिवा बदललात, काही फरक नाही. "ती दुसऱ्यांदा जातेय ताई, या वेळी हळूहळू, आणि मी नुसता बघतोय." हे वाचून मी पत्र पालथं घातलं आणि उगाच भांडी घासत बसले. पुढे म्हणता, मी त्याला हात लावणार नाही, तिने लावून ठेवलाय तसाच राहू दे, जायचा तर जाऊ दे.

मास्तर, कान उघडे ठेवून ऐका. तो तुकडा दुःखाने मरत नाहीये. त्याला किडे खातायत.

तुम्ही समासात काढलेलं चित्र मी लॅबच्या भिंगाखाली धरलं. जे दिसेल ते काढायची तुमची खोड, ती या वेळी कामाला आली. जांभळा भाग संपून पांढरा सुरू होतो तिथे तुम्ही बारीक झालर काढली आहे, सुताच्या दशांसारखी. तुम्हाला वाटलं असेल कोरललाच नवी पालवी फुटतेय. ती पालवी नाही. ते किडे आहेत. शंख नसलेली गोगलगाय समजा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. दिवसा कोरलच्या पोटाखाली दडून बसतात, अंधार झाला की कडेला येऊन चरतात. दुसरं काही खात नाहीत, हेच खातात. मी त्यांना चांगली ओळखते. आमच्याकडेही झाले होते.

आले कुठून, ते मला माहीत आहे. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी बारकीने दुकानातून याच जातीचं एक हिरवं कोरल आणलं आणि थेट इथल्या टाकीत सोडलं. जी बाई आल्यागेल्याला दटावायची, नवीन काहीही आणलं तर आधी वेगळ्या पाण्यात ठेवून बघा म्हणून, तिने! तेव्हा मी काही बोलले नाही. तिला वेळ नव्हता, आणि ते तिला कळलं होतं, असं मला आता वाटतं. त्याच दिवशी तिने जांभळं कोरल तोडून त्याचे दोन भाग केले. मोठा माहेरच्या टाकीत, लहान तुमच्यासाठी. हे कोरल पाळणारे असंच करतात म्हणे, आपल्याकडचं मेलं तर दुसऱ्याकडून आणता येतं. दोन्ही भाग, वाळली की दगडासारखी होते ती पुट्टी मळून, दगडावर चिकटवून ठेवले आणि म्हणाली, घट्ट बसलं की हा मास्तरांना न्यायला सांग. तुम्ही तो नेलात तेव्हा ती नव्हती, आणि किड्यांची अंडी बहुतेक त्यावर होतीच. ते हिरवं तर इथे सगळ्यात आधी संपलं.

आता काय करायचं ते सांगते. तुकडा दगडासकट बाहेर काढा. तसराळ्यात टाकीतलंच पाणी घ्या, त्यात औषध घाला. औषध या पत्राबरोबरच्या खोक्यात आहे, प्रमाण बाटलीवर लिहिलंय, तुमच्या मनाने वाढवू नका. त्यात बुडवून पिचकारीने सगळीकडून पाणी मारा. किडे सुटून खाली पडतील, बघून किळस येईल, येऊ दे. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून वेगळ्या डब्यात ठेवा, टाकीत परत नाही. टाकी तशीच कोरलशिवाय राहू दे, म्हणजे मागे उरलेले किडे उपाशी मरतील. पण औषधाने अंडी मरत नाहीत. म्हणून दर आठवड्याला पुन्हा बुडवायचं, आणि अंडी दिसली की खरवडून काढायची. नवीन दिसायची थांबली तरी आणखी काही आठवडे हे चालू ठेवायचं.

आणि खालची पुट्टी फोडून फेकून द्यायची.

एवढं लिहून उठले होते. चहा करून आले. आईने विचारलं, थांबलीस का? म्हटलं, पेन गळतंय.

पेन काही गळत नाहीये. तुम्ही पत्रात विचारलंत, "तुमच्याकडचं मोठं कसं आहे?" मघापासून मी त्या ओळीला वळसा घालतेय.

मास्तर, ते गेलं. तुमचं पत्र यायच्या आधीच गेलं. तुमच्याकडे आहे तेवढंच आता उरलंय.

आणि ते किड्यांनी मारलं असं मी म्हणू शकत नाही. मी सगळं केलं होतं. औषध, पिचकारी, भिंग, कवळीच्या हिरड्या कोरायची बारीक हत्यारंसुद्धा लॅबमधून आणली होती. पहिल्याच वेळी किडे धुऊन निघाले. मग कोरल उलटं करून बघितलं. तिने मळून लावलेली पुट्टी, आणि त्यात तिचा अंगठा. घट्ट बसावी म्हणून दाबला असणार. सगळ्या रेषा स्वच्छ उमटलेल्या, कडेला ती लहानपणी पडली होती तेव्हाचा व्रणसुद्धा. आणि त्या रेषारेषांतून पांढरी अंडी ओळीने घातलेली.

फोडायची होती ती. कोरल पत्र्यासारखं पातळ, ते पुट्टीवरून उचकटलं तर त्याचाच चुरा होतो. पुट्टी फोडली तर ते वाचतं. मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. लॅबमध्ये साच्याला बुरशी लागली तर मी तो डोळे मिटून कचऱ्यात टाकते, हाताखालच्या मुलींनी ठेवून घेतला तर ओरडते. आणि इथे मी मऊ ब्रश घेतला आणि तिचा अंगठा घासत बसले. हळूहळू, जसं तिला लहानपणी अंघोळ घालायचे. मनाशी म्हटलं, झालं स्वच्छ. टाकीत ठेवून दिलं.

किडे परत आले. मी परत घासलं. पुन्हा आले. त्या दिवसांत मला तिचा आवाज यायला लागला, खरं सांगते. कामात असताना, नळाखाली हात धुताना, अगदी कानाशी. "ताई, खालून बघितलंस का?" तिचाच वैतागलेला सूर. मी लॅबमध्ये मोठ्याने "बघितलं गं!" म्हणाले आणि सगळ्या मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. तरी मी फोडली नाही. एका सकाळी जांभळा ठिपकाही उरला नव्हता. नुसता पांढरा सांगाडा, आणि खाली अंगठा जशाचा तसा.

आईला मी सांगितलं नाही. सांगाडा टाकीतच राहू दिला. ती रोज त्याच्यासमोर बसून बोलायची आणि मी ओट्याला टेकून ऐकायचे. रात्री झोपले तरी ते पांढरं डोळ्यांसमोरून हलायचं नाही.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवायला लागले तेव्हा त्या ओळीशी अडखळले. मग आईच म्हणाली, "आपलं मेलंय ना गं?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डोळे गेलेत माझे, नाक नाही गेलं. मेल्या कोरलचा वास बारकीनेच ओळखायला शिकवला होता मला."

"मग रोज बोलत कुणाशी होतीस?"

"बारकीशी. कोरलशी कोण बोलतंय? आणि तू तिकडे ओट्याशी ऐकत उभी राहायचीस. म्हटलं ऐकू दे, तेवढंच तुला बरं."

मास्तर, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. या वयात. तिने माझे केस विंचरल्यासारखे केले आणि म्हणाली, वाढलेत, कापून घे.

मग मी सांगाडा काढून टाकला. पुट्टी उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली आणि आईच्या हातात दिली. तिने चाचपून खळगा शोधला, त्यात आपला अंगठा ठेवला. मग म्हणाली, "ही मास्तरांना पाठव."

मी साफ नाही म्हटलं. आपल्याकडे आता तिचं उरलंय काय, त्यांच्याकडे आहे की त्यांची. आई म्हणाली, "त्यांची फोडायची आहे. हातात दुसरी असल्याशिवाय त्यांच्याने फोडवणार नाही. तुझ्याने फोडवली का?"

यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. घरात नुसता पंप ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी मी खोकं आणलं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुकड्याला हात का लावत नाही हे मला समजलंय. तुमच्याही पुट्टीवर अंगठा आहे. तुम्ही खाली वाकून तो बघत असाल, शाळेतून आल्यावर, दिव्याच्या निळ्या उजेडात. मीही बघायचे. अरे बाबा, तो अंगठा म्हणजे ती नव्हे रे! तिने कोरल धरून ठेवायला तो दाबला होता. कोरलच गेलं तर तो कशाला हवा? फोड ती पुट्टी. छिन्नी खालून लाव, हळू ठोक, पुट्टीचा चुरा झाला तर होऊ दे, फक्त जांभळं वाचव. रडत फोड, पण फोड.

अरे-तुरे झालं. राहू दे तसंच, खोडत नाही.

खोक्यात औषधाखाली कापसात गुंडाळलेली आहे ती आमच्याकडची. पाण्यात घालू नका, आणि तुमचा अंगठा त्यात घालून बघू नका. तिचा लहान होता, कड तुटेल. आई काल रात्री ती उशाशी घेऊन झोपली होती. सकाळी स्वतःच्या हाताने कापसात ठेवली आणि मला म्हणाली, लवकर बंद कर खोकं.

आमची टाकी मी रिकामी ठेवली आहे, किडे उपाशी मरतील. आई अजूनही तिच्यासमोर बसते. हल्ली मी ओट्याशी उभी राहत नाही, दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसते.

तुमचा तुकडा जगला तर तुमची वाट बघू. नाही जगला तरी या, दार आम्ही उघडतो.

तुमची, आणि अजूनही तिची,
ताई