वीतभर भोक

५ जानेवारी २०१४

पोचलो बाबा एकदाचा! इब्रीहून मस्कत, मस्कतहून डोंगराच्या पायथ्याशी, तिथून फोर-व्हीलने नागमोडी रस्ता, आणि शेवटची चढण गाढवामागून पायी. गाढवावर माझं सामान, गाढवापुढे कासम. कासम म्हणजे खालच्या गावातला म्हातारा बकरीवाला. तो आठवड्यातून एकदोनदा पाणी आणि सामान वर आणतो. वाटभर तो माझ्याकडे बघून हसत होता. मी तीनदा बसलो, तो एकदाही नाही.

जागा मात्र अशी की बघत राहावं. खाली दरी, समोर डोंगरामागे डोंगर, झाड म्हणाल तर एखादं वाकडं जुनिपर. या माथ्यावरून बऱ्याच दिवसांची पायवाट जाते. हौशी लोक पाठीवर बोचकी घेऊन ती चालतात, आणि रात्रीपुरता निवारा म्हणून आमच्या कंपनीने इथे दगडी खोपट बांधलंय. म्हणजे जुनं मेंढपाळांचंच होतं, कंपनीने वर नवं छप्पर आणि आत पक्कं सीलिंग ठोकलं. हिवाळ्यात इथे पाणी गोठतं. येणारा माणूस गारठून मरता कामा नये, एवढंच माझं काम.

आता गंमत बघा. कुडाळचा मी, आठ वर्षं ओमानात एसी दुरुस्त करतोय. आयुष्यभर लोकांना गार केलं, आता गरम करायचं! सुपरवायझर नंदू कणकवलीचा. तो म्हणाला, धनेश, एसीवाल्याला हवेचं कळतं, तूच जा. शिवाय हिवाळ्यात एसीवाल्याला काम नसतं, हेही त्याला ठाऊक होतं.

फोनला रेंज फक्त वरच्या कड्यावर. बायकोने, किशोरीने, बजावलंय, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर भिंतीशी बोलायला लागाल. म्हणून ही वही.

७ जानेवारी

सगळं जागच्या जागी लावून झालं. जनरेटर, दोन इलेक्ट्रिक हीटर, आठ बिछाने, रजया, चहासाखर. कोपऱ्यात अर्धा कापलेला पत्र्याचा ड्रम आहे, कोळसा पेटवायचा. एका खिळ्यावर निळा मग आणि पांघरायचं एक लोकरी पट्टू. माझ्या आधीचा रमण, पालघाटचा, त्याचं सामान. तो इंडियाला गेला, असं नंदूने सांगितलं. तो निळा मग इतका चांगला आहे की मी तोच वापरतो.

दारासमोरच्या भिंतीत, जमिनीलगत, वीतभर भोक आहे. आरपार. मी म्हटलं गवंडी विसरला असेल. कासमने हातवारे करून आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की हे जुनंच आहे, आत आग असताना बंद करायचं नाही. का, तर डोंगरावरच्यांना येजा लागते. कोण डोंगरावरचे? तो नुसता हसला आणि खलास म्हणाला.

आमच्याकडे राखणदार असतो, तसंच काहीतरी असणार. नव्या जागेत त्याला सांगून राहावं, म्हणून अल मवालेहच्या मंडईतून नारळ आणि पानविडा आणला होताच. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, राखणदारा, तुझ्या पायाशी इलंय, हंय येतल्या-जातल्याची राखण कर, चुकला-माकला माफ कर. गावात गाऱ्हाणं एक जण घालतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. इथे बाकीचे कुठले? मीच घातलं आणि मीच व्हय म्हाराजा म्हटलं. माझंच मला हसू आलं.

११ जानेवारी

परवा दोन जर्मन आले होते. चहा प्यायले, हीटरसमोर मोजे वाळवले आणि सकाळी हसत गेले. त्याच दुपारी जनरेटर बसला. खोलून बघितला, पार्ट मस्कतहूनच यायला हवा. नंदू म्हणतो इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. तोवर कोळसा.

बादलीतलं पाणी सकाळी कडक. ड्रम पेटवला तर खोली तापते, पण त्या भोकातून असा वारा शिरतो की पाय बर्फ. एसीवाल्याला खोलीत फट दिसली की झोप लागत नाही. आमच्या धंद्याचं पहिलं बाळकडूच ते: फट बुजव, मग मशीनला दोष दे. भोकात गोणपाट कोंबलं. आता कशी ऊब आलीय! कासमला डोंगरावरच्यांची काळजी, मला माझ्या गुडघ्यांची.

१२ जानेवारी

उठलो तर खोली गारढोण, गोणपाट खोलीच्या मधोमध पडलेलं. वाऱ्याने उडालं असेल. डोकं जड आहे, उंचीवरची हवा बाधलेली दिसते.

१४ जानेवारी

गोणपाट दोनदा बाहेर आलं. काल दगड आणि चिखल घेऊन भोक नीट लिंपलं. वर हात फिरवून गुळगुळीत केलं.

आज जाग आली ती ओकारीने. डोक्यात घण पडत होते, पाय माझे नव्हते. भोक उघडं. दगड आत, एकावर एक, व्यवस्थित रचलेले. वारा दगड रचत नाही. ओल्या चिखलावर चार बोटांचे ओरखडे होते, बाहेरून आत. बाहेर जाऊन बघितलं, दवाचा पांढरा थर जसाच्या तसा, पाऊल एकही नाही.

भोकाशी बसून राहिलो, जायला दुसरी जागाच नव्हती. तासाभराने डोकं उतरलं.

१६ जानेवारी

कासम पाणी घेऊन आला. मी ओरखडे दाखवले. तो उकिडवा बसला, ओरखड्यांवरून बोट फिरवत बोलला. रमण इंडियाला गेला हे खरं, पण पेटीतून. गेल्या हिवाळ्यात कासमनेच दार फोडलं. रमण ड्रमसमोर बसलेला, आग विझलेली, भोकात त्याचं पट्टू कोंबलेलं. मेला होता, पण तोंड लालबुंद, जसा लग्नातून जेवून आलाय. लोक म्हणाले थंडीने मेला. कासमचं म्हणणं, त्याने येजा बंद केली म्हणून डोंगरावरच्यांनी नेला.

म्हणजे ते पट्टू. मी रोज उशाला घेतोय ते.

मी कासमला विचारलं, नेणारे आले कुठून? त्या भोकातूनच ना? मग ते उघडं ठेवण्यात कसलं शहाणपण? आमच्याकडे राखणदार शिवेवर राहतो, घरात शिरत नाही. जो घरात शिरतो तो वेगळा. कासम म्हणाला, बंद करू नकोस, यल्ला, माझ्याबरोबर खाली चल. मला जायचं होतं. देवाशपथ जायचं होतं. पण वाटेवर माणसं असली आणि खोपटाला कुलूप दिसलं तर? थांबलो.

निळा मग दरीत फेकला.

१७ जानेवारी

निळा मग खिळ्यावर आहे.

१९ जानेवारी

पुन्हा लिंपलं, पुन्हा उघडलं. या वेळी मी बघितलं. डोळे अर्धे मिटलेले, अंग हलत नव्हतं, ड्रममधले निखारे निळसर दिसत होते. चिखल आत ढासळला आणि हात आला. काळासावळा, नखांत माती, मनगटाला लाल दोरा. तो हात चाचपत होता. मला नाही, भोकाच्या कडा चाचपत होता. मोठं करत होता.

रमण. किंवा रमणसारखं काहीतरी. थंडीने मेला आणि आता मलाही थंडीनेच मारायचंय त्याला. ऊब दिसली की बघवत नाही. मेल्या, मी काय केलंय तुझं?

सकाळी पुन्हा ओकलो. अक्षर बघा कसं झालंय.

२१ जानेवारी

कड्यावर जाऊन नंदूला फोन लावला. रडलो मी. खोटं कशाला लिहू, लहान पोरासारखा रडलो. म्हटलं, मला खाली घे. तो म्हणाला, अरे शुक्रवारी पाहुणे येतायत, आपलीच माणसं. पुण्याचे चिन्मय आणि देविका, मस्कतला असतात, बरोबर दहा वर्षांची मुलगी पूर्वा. ते कालच वाटेला लागलेत, फोन लागत नाही. वरून गारांचा अंदाज. तू उतरलास तर त्यांना कोण आहे? शनिवारी गाडी पाठवतो, आईशप्पथ.

दहा वर्षांची. आमची प्रियांका दहाचीच.

किशोरीशी बोललो. सांगितलं सगळं मजेत आहे. ती म्हणाली आवाज बसलाय, वाफ घ्या.

कोळसा उरलाय दोन पोती. पोरीसाठी ठेवतो. मी रजयांत बसतो, बिनआगीचा. आग नसली की तो येत नाही. डोकंही दुखत नाही. ऊबच हवीय त्याला, दुसरं काय.

२३ जानेवारी

पोरीपर्यंत त्याला पोचू देणार नाही. एवढं एकच.

हत्यारांच्या पेटीत फोमचा डबा होता, एसीचं भोक बुजवायला वापरतो तो. फुगतो आणि लाकडासारखा कडक होतो. दोन्ही बाजूंनी मारला. वर सिलिकॉन. दाराला चारी कडांनी रबर, खिडकीला टेप, सीलिंगच्या सांध्यांत उरलेला फोम. मेणबत्ती घेऊन सगळीकडे फिरलो, ज्योत कुठेच हलली नाही. असं चोख काम मी राजवाड्यातही केलं नसतं.

मग गाऱ्हाणं घातलं. नारळ नव्हता, साखर ठेवली. बा राखणदारा, भायलो जो कोण असात त्येका भायरच ठेव. ह्या दाराच्या आत त्येचा पाय पडू देऊ नको. व्हय म्हाराजा. मोठ्याने म्हटलं. तीनदा.

डोंगर एकदम गप्प झाला. कोणीतरी ऐकलं.

२४ जानेवारी, दुपार

गारा. दार उघडलं तर समोर तिघं. चिन्मयला बोलता येत नव्हतं, देविकाच्या हातातून काठी सुटत नव्हती. पूर्वाला मी उचलून आणली. ओठ निळे, दात वाजत होते, मग वाजायचेही थांबले. त्याचीच जास्त भीती वाटली. दोन्ही पोती ड्रममध्ये ओतली. ओले कपडे, रजया, साखरेचा चहा.

तासाभरात पोरीला रंग चढला. पहिलं काय म्हणाली तर, अंकल, युअर हाऊस इज सो गरम. देविका माझ्या पाया पडायला लागली. म्हणाली, दादा, तुम्ही नसता तर आज आम्ही नसतो. आठवडाभरानंतर मी पहिल्यांदा पोटभर हसलो.

खिळ्यावर निळा मग नाही. तो गेला!

२४ जानेवारी, संध्याकाळ

आईबाप झोपले. बसल्या जागीच. दमलेत.

पूर्वा भोकाकडे बघत होती. मला म्हणाली, अंकल, आउटसाइड एक माणूस आहे. तो... तो स्क्रॅच करतो. त्याला आत यायचं नाही. म्हटलं, मग काय हवंय त्याला? तिला मराठी शब्द सापडेना. हाताने दाखवलं. तोंडासमोर हात आत-बाहेर, आत-बाहेर. श्वास.

मग म्हणाली, डोकं दुखतंय. ओकली.

म्हटलं उंचीवरची हवा —

तेच. मीही तेच म्हणायचो

—

देविकाला हलवलं. उठत नाही. तोंड लालबुंद. छान दिसतेय. लग्नातून जेवून

कासम म्हणाला होता —

रोज डोकं. रोज ओकारी. भोक उघडलं की उतरायचं. आग नव्हती तेव्हा नव्हतं. थंडीने नाही मेला रमण. कोळशाच्या गॅसने. तो थंडी आत नव्हता सोडत रे. तो मला हवा —

आणि मी

—

पाय नाहीत. हाताने सरपटत भोकापर्यंत आलो. फोम दगड झालाय. नखं तुटली. चाकू पेटीत, पेटी दारापाशी, दार चिन्मयच्या पलीकडे. पूर्वाला ओढत आणलीय. इथे हवा येईल म्हणून. कुठून येणार. मीच बुजवली. चोख

बाहेर ओरखडण्याचे आवाज होते मघाशी. आता नाहीत. रमण, इथे. इथे खण ना. एवढंच वीतभर. माझं राहू दे, पोरगी आहे

येत नाही. मीच सांगितलं होतं. राखणदाराने ऐकलं

पोरगी श्वास घेतेय. अजून. हळू

किशोरी

—

गाऱ्हाणं फिरवतो. बा देवा म्हाराजा राखणदारा चुकला माझा. भायल्याक आत घे. भायल्याक आत

व्हय कोण म्हणणार. सगळे झोपले. मीच म्हणतो. व्हय म्हा